बारवांच्या संकेतस्थळाची पावसाळी नोंद

सातारा तालुक्यातील जुन्या विहिरी आणि बारवा यांच्या नोंदी ठेवणारे माझे छोटे संकेतस्थळ शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या एकाच सर्व्हरवर चालते. पावसाळा लागला की माझी फिरती थांबते. पायऱ्यांवर शेवाळ धरते, तळ दिसेनासा होतो, आणि लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीसारखी बांधीव, माणसांचा राबता असलेली जागा सोडली तर अनोळखी विहिरीत उतरणे शहाणपणाचे नसते. म्हणून यंदाचे रविवार मी सर्व्हरवरील माहितीची आवराआवर करण्यात घालवले. समानछंदी मंडळींना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून झालेल्या चुकांसह ते येथे नोंदवून ठेवतो.

जपण्यासारखी माहिती दोन प्रकारची आहे. एक, ज्या गावकऱ्यांनी विहिरींची माहिती दिली त्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक. दुसरी, विहिरींच्या काठावर पडलेल्या वीरगळांचे (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे) आणि सुट्या शिल्पांचे नेमके अक्षांश-रेखांश. ही ठिकाणे मी जाणूनबुजून जाहीर करत नाही, कारण सुटा दगड उचलून न्यायला एक रात्र पुरते.

सुरुवात फाइलींच्या परवानग्यांपासून केली. छायाचित्रांच्या फोल्डरवर ७७७ अशी परवानगी निघाली. कधीकाळी छायाचित्र चढत नव्हते म्हणून ती मी तात्पुरती दिली होती आणि ते तात्पुरतेपण तीन वर्षे टिकले. या तीन आकड्यांतील पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा आणि तिसरा इतर सर्वांचा असतो. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ अशी बेरीज करून तो ठरतो. स्वतंत्र सर्व्हरवर ‘इतर सर्व’ ही जवळजवळ कागदोपत्री गोष्ट असते, परंतु एकाच यंत्रावर शेकडो खाती नांदत असतात तिथे खात्यांमध्ये आडपडदा नीट नसेल, तर त्या तिसऱ्या आकड्यात सगळे शेजारी येतात. फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५ आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या कॉन्फिग फाइलीला ६०० दिले. ६०० दिल्यानंतरही संकेतस्थळ सुरळीत उघडले, यावरून आपले पीएचपी (संकेतस्थळाची पाने तयार करणारा प्रोग्राम) आपल्याच खात्याच्या नावाने चालते हे कळले. ते सर्वांच्या सामाईक नावाने चालत असते तर पान उघडलेच नसते, आणि मग होस्टिंग बदलण्याचाच विचार करावा लागला असता.

खरा धक्का पुढच्या रविवारी बसला. फाइल मॅनेजरमध्ये कॉन्फिग फाइलीच्या शेजारीच, नावाच्या शेवटी ‘ओल्ड’ जोडलेली तिची एक प्रत दिसली. बदल करण्यापूर्वी प्रत काढून ठेवण्याची सवय चांगली, पण जागा चुकीची होती. मोबाइलवर त्या प्रतीचा पत्ता टाइप केला, तेव्हा पांढऱ्या पडद्यावर डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड या तीनही ओळी स्वच्छ उमटल्या. शेवट ‘पीएचपी’ असा नसल्याने सर्व्हरने ती फाइल चालवली नाही, साधा मजकूर म्हणून वाढून दिली. पासवर्ड तत्काळ बदलला, प्रत पुसली आणि मूळ कॉन्फिग फाइल ‘पब्लिक एचटीएमएल’ या, ब्राउझरमधून उघडता येणाऱ्या फोल्डरच्या एक पायरी वर हलवली, ती फाइल जोडून घेणाऱ्या इन्क्लूडच्या ओळीत मार्ग बदलण्यापलीकडे काही करावे लागले नाही. आता सर्व्हरवरील पीएचपी एखाद्या दिवशी बिघडले आणि कोड उघडा पडला, तरी पासवर्ड त्यासोबत जाणार नाही. त्याच झडतीत सगळ्या संकेतस्थळाची एक झिप फाइलही ‘पब्लिक एचटीएमएल’मध्येच सापडली. तिचे नाव कोणालाही पहिल्या प्रयत्नात सुचावे इतके सरळ होते.

बॅकअपने मात्र सर्वांत जास्त वेळ खाल्ला. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) डेटाबेसची प्रत निघते, त्या आज्ञेतच मी पासवर्ड लिहिला होता. चालू प्रक्रियांची यादी जिथे शेजाऱ्यांना दिसू शकते तिथे असा पासवर्ड क्षणभर का होईना उघडा पडतो, म्हणून तो होम फोल्डरमधील ६०० परवानगीच्या वेगळ्या फाइलीत हलवला. या फाइलीचा नमुना एका जुन्या लेखातून जसाच्या तसा उचलला आणि तिथेच फसलो. पाच आठवड्यांनी, केवळ खात्री करावी म्हणून, घरच्या जुन्या लॅपटॉपवर ती प्रत चढवली तर माहिती देणाऱ्यांच्या यादीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा! इंग्रजी अंकांत साठवलेले मोबाइल क्रमांक मात्र ठणठणीत होते. दहा आकडे पूर्ण, पण ते कोणाचे याचा पत्ता नाही. नमुन्यात अक्षरसंच लॅटिन-१ ठेवणारी एक ओळ होती, आणि त्या संचात देवनागरीला जागाच नसल्याने प्रत काढतानाच प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह झाले होते. अशी प्रत दुरुस्त होत नाही. मूळ डेटाबेस शाबूत होता म्हणून निभावले. ती ओळ बदलून देवनागरी सामावणारा यूटीएफ-८ एमबी-४ संच ठेवला, आणि प्रत तयार होताच जीपीजी या फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामच्या सार्वजनिक किल्लीने ती कुलूपबंद करण्याची सोय केली. उघडण्याची किल्ली सर्व्हरवर नाही, घरच्या पेनड्राइव्हवर आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत लॅपटॉपवर चढवून लिंबच्या विहिरीची नोंद अक्षरशः वाचून पाहायची, असा नेम केला आहे.

बाकीची कामे झटपट उरकली. सर्व्हरवर फाइली चढवण्याची एफटीपी ही पद्धत पासवर्ड उघडाच पाठवते, म्हणून ती बंद करून तो सांकेतिक रूपात पाठवणारी एसएफटीपी सुरू केली. मोबाइलच्या इंटरनेटचा आयपी पत्ता सतत बदलतो म्हणून बाहेरून डेटाबेसला जोडू देणाऱ्या रिमोट मायएसक्यूएलमध्ये टक्क्याचे चिन्ह टाकून सगळ्या जगाला दार उघडे ठेवले होते, ते काढले. संकेतस्थळाच्या डेटाबेस वापरकर्त्याकडून टेबल पुसण्याचा आणि बदलण्याचा अधिकार काढून घेतला. छायाचित्रांच्या फोल्डरात पीएचपी चालू नये यासाठी एचटीअ‍ॅक्सेस या फोल्डरपुरत्या नियमांच्या फाइलीत घातलेल्या पहिल्या ओळीने ५०० क्रमांकाची त्रुटी दिली, कारण ती ओळ पीएचपी अपाचे या वेब सर्व्हरच्या आतच चालते तेव्हाच लागू पडते. मग त्या फोल्डरातील पीएचपी फाइलींना सरसकट नकार देणारा नियम लिहिला.

एक काम अर्धवट आहे. अक्षांश-रेखांश डेटाबेसमध्ये लपवून ठेवले, पण मोबाइलने काढलेल्या मूळ छायाचित्रांच्या एक्झिफ माहितीत (कॅमेरा फाइलीतच आपोआप लिहून ठेवतो त्या नोंदीत) तेच आकडे बसलेले होते आणि छायाचित्र उतरवून घेणाऱ्या कोणालाही ते वाचता आले असते. वीरगळांच्या सर्व छायाचित्रांतून ती माहिती पुसून ती पुन्हा चढवली. विहिरींची १४० शिल्लक आहेत, आणि आज दुपारपासून वीज नाही.