बारा चकचकीत ब्रॅकेट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. साहेब पुण्याला गेलेले आणि इंग्लंडच्या कस्टमरचा मेल आला. शेवटच्या ओळीत होतं, 'स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच'. आमच्याकडं स्क्रॅच म्हणजे ओरखडा, दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारा शब्द. मी अर्थ लावला, आधी ओरखड्यांपासून सुरुवात करा!

सॅम्पलची १२ ब्रॅकेट फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या खात्याला दिली. पोरांनी दुपारभर ग्राइंडर फिरवला, वर पॉलिश पेपर मारला. लग्नात आहेर म्हणून द्यावीत अशी चकाकली. फोटो पाठवून मी ठसक्यात लिहिलं, सगळे ओरखडे काढले.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "अरे, पॅटर्न नव्यानं करायला सांगितलाय त्यानं. तू मेकअप काय करत बसलास?" पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना.

रात्री शोधाशोध केली. हा स्क्रॅच म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ, शर्यत सुटायची जागा. तिकडच्या हँडिकॅप शर्यतीत कच्च्या गड्याला थोडं पुढं उभं करत. ज्याला काहीच सवलत नाही तो रेघेवरून पळायचा. म्हणून हाताशी आधीचं काही न घेता केलेली सुरुवात ती 'फ्रॉम स्क्रॅच'. खोबरं-तीळ भाजून, वाटून केलेला तांबडा रस्सा फ्रॉम स्क्रॅच; मसाल्याचं पाकीट फोडलं की नाही. आपलं 'पहिले पाढे पंचावन्न' इथं बसत नाही, त्यात वैताग आहे. 'श्रीगणेशा' जवळचा, पण त्यात जुनं बाजूला सारणं येत नाही.

सकाळी साहेब म्हणाले, "जुना कोअर बॉक्स चालवू या का?" म्हणजे आतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याचा साचा. मी म्हटलं, "सर, स्क्रॅच म्हणजे तोही नाही." कस्टमरला विचारलं तर खरंच, आतली पोकळीच बदलली होती.

फेटलिंगच्या मामांना तोंड दाखवायचं राहिलं होतं. मामा जुने पैलवान. त्यांना गार करावं म्हणून मुष्टियुद्धातल्या रेघेचं सांगितलं. इंग्लंडातल्या १८३८ च्या नियमांत खाली पडलेल्याला ३० सेकंद विश्रांती, मग ८ सेकंदांत आपल्या पायानं रेघेवर यायचं.

"तीस सेकंद? खासबागेच्या कुस्ती मैदानात पाठ लागली की घरी," मामा हसले. मग ग्राइंडर बंद करून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. पोरांचा कालचा ओव्हरटाइम रेघंच्या अलीकडं धरणार का पलीकडं?"