शनिवारचा थिअरीचा तास आणि दोन पिवळे बल्ब

रबाळे एमआयडीसीत मी मेंटेनन्सला आहे आणि अप्रेंटिस पोरांचा शनिवारचा थिअरीचा तास माझ्या गळ्यात पडलाय. कॅन्टीनच्या वरची खोली, एक व्हाइटबोर्ड, आणि जेवून आलेली पोरं, म्हणजे अर्धी झोपेत. बहुतेक आयटीआय करून आलेली, कोणी दिव्याचं, कोणी कळव्याचं, ठाण्याला ट्रान्स हार्बरची लोकल पकडून येतात.

हात चांगला आहे हां पोरांचा. कॉन्टॅक्टर बदल म्हटलं की बदलतात, वायरच्या टोकाला लग क्रिम्प करतात, पॅनलचं ड्रेसिंग तर आमच्यातल्या काही जुन्या लोकांपेक्षा नीटनेटकं. पण विचारा, या मोटरला स्टार-डेल्टा, म्हणजे आधी स्टार जोडणीत हळू सुरू करून मग डेल्टात नेणारा स्टार्टर, का लावलाय? "सर, मोठी मोटर आहे म्हणून." बरं, मग? मग सगळे एकमेकांकडे बघतात. स्टारमध्ये वाइंडिंगला 415 ऐवजी 240 च्या आसपास व्होल्ट मिळतात, लाइनचा स्टार्टिंग करंट एक तृतीयांशावर येतो, हे पाठ असतं, पण टॉर्क, म्हणजे मोटरची फिरवायची ताकद, तीही एक तृतीयांशावर येते आणि म्हणूनच भरलेला कन्व्हेयर स्टारमध्ये हलत नाही, हे कोणी जोडूनच दाखवलेलं नसतं. त्यात परीक्षेला ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, तर उत्तर बी की सी एवढं लक्षात राहतं.

आणि फ्लोअरवरची मंडळी काय म्हणतात, तर वर्गात बसून कोण वायरमन झालाय का. तास चालू असताना फोन येतो, लाइन बंद आहे, दोन पोरं खाली पाठव. मी पाठवत नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यातच आहे की प्रॅक्टिकलच्या जोडीला थिअरी शिकवायची आणि तो वेळ पगारी कामातच धरायचा. म्हणजे पोरं वर बसलीत ती ड्युटीवरच आहेत, सुट्टीवर नाहीत, पण हे सांगितलं की लोकांना वाटतं मी कायदा शिकवतोय.

तर मी एक बोर्ड बनवलाय. दोन होल्डर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, एकच करंट दोघांतून जाईल असे, एकात 100 वॅटचा पिवळा बल्ब, दुसऱ्यात 40 चा. चालू करायच्या आधी विचारायचं, जास्त कोणता पेटेल? दरवेळी एकच गलका, "100 चा सर!" बटण दाबलं की 40 चा छान उजेड देतो आणि 100 वाल्याची तार नुसती लालसर. एकदम शांतता. मग कोणीतरी म्हणतो, सर बल्ब उलटे लावलेत. काढून बघ म्हणतो, काढतात, छापलेले वॅट वाचतात, आणि मग बोर्डावर गणित करायला सगळे तयार. 40 वाल्याचा रेझिस्टन्स 1300 ओहमच्या वर, 100 वाल्याचा साधारण 530, म्हणजे 230 पैकी जवळपास 165 व्होल्ट छोटाच खाऊन टाकतो, आणि 100 ची तार थंड राहिल्यामुळे तिचा रेझिस्टन्स अजून कमी, त्यामुळे खरा फरक याहून जास्त.

इथून थेट न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर. सोसायटीत मेन न्यूट्रलचा लग ढिला झाला की फ्लॅट दोन फेजच्या मध्ये असेच सिरीजमध्ये येतात. वरच्या मजल्यावर टीव्ही उडतो, खाली पंखा रेंगाळतो, आणि लोक महावितरणला फोन करून सांगतात व्होल्टेज जास्त पण आहे आणि कमी पण. दोन्ही खरं असतं! हे सांगत होतो तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा, कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, "म्हणून न्यूट्रलला फ्यूज टाकत नाहीत का सर?" हो राव, म्हणूनच, आणि शिवाय तो फ्यूज एकटाच उडाला तर दिवा बंद दिसतो पण फेज तिथेच हजर असतो. त्या दिवशी तास पाऊण तास लांबला आणि कोणी घड्याळ बघितलं नाही. (हा प्रयोग 230 वरच, दोन फेजवर करून दाखवा म्हणून मागे लागतात, नाही म्हणजे नाही.)

एमसीबीचंही, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचचंही, तसंच. सगळ्यांना वाटतं एमसीबी आहे ना, मग शॉकपासून सेफ. 10 अँपियरचा सी टाइप लगेच पडायला 50 ते 100 अँपियर लागतात, अंगातून गेलेला पाव अँपियर माणूस मारायला पुरतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे बाहेर गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच, तोही टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघितलेला.

आता अडचण बल्बची. मागच्या वेळी 40 वाला हातातून पडून फुटला आणि ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात मागायला गेलो तर दुकानदार एलईडी काढून देतो, वर म्हणतो साहेब बिल कमी येईल. एलईडीच्या आत ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, त्यावर हा प्रयोग होत नाही. कोणाच्या माळ्यावर जुने फिलामेंटचे बल्ब पडले असतील, 40 चे किंवा 60 चे, तर भंगारात देऊ नका, कमेंटमध्ये कळवा, घणसोली-ऐरोलीपर्यंत मी येऊन घेऊन जाईन.