‘वाख्त एव्हन’चे इंग्रजी काय?

डच मातृभाषा असलेल्या प्रौढांना मी गेली काही वर्षे इंग्रजी शिकवते. आज्ञार्थाचा पाठ निघाला की पहिल्या दहा मिनिटांत वर्गातल्या सर्वांना वाटते की हा धडा आपल्याला येतोच, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नाही. नेदरलँड्समध्ये १९८६ पासून इंग्रजी हा प्राथमिक शाळेतला सक्तीचा विषय आहे, दूरचित्रवाणीवरील बहुतेक इंग्रजी कार्यक्रम तेथे मूळ आवाजात आणि उपशीर्षकांसह दाखवले जातात, शिवाय दोन्ही भाषांत आज्ञार्थ म्हणजे क्रियापदाचे निव्वळ मूळ रूप. डचमध्ये ‘कोम’ तर इंग्रजीत ‘कम’. ‘हेल्प’ तर दोन्हीकडे ‘हेल्प’च. आपल्या ‘ये’, ‘या’, ‘यावे’ यांसारखी रूपे पाठ करण्याचे ओझे इंग्रजीत नाही.

अडचण रूपाची नसून रूपाला चिकटून येणाऱ्या लहान शब्दांची आहे. डच माणूस नुसते ‘वाख्त’, म्हणजे ‘थांब’, असे क्वचितच म्हणतो. तो ‘वाख्त एव्हन’ म्हणतो. ‘बघ’ म्हणायचे असेल तर ‘कैक एस’, ‘आत ये’ म्हणायचे असेल तर ‘कोम मार बिनन’. कोशात पाहिले तर ‘एव्हन’ म्हणजे थोडा वेळ, ‘एस’ म्हणजे एकदा आणि ‘मार’ म्हणजे पण. परंतु आज्ञार्थात हे अर्थ झिजून गेलेले असतात आणि उरते ती केवळ आज्ञेची धार बोथट करण्याची शक्ती. ‘बस’ आणि ‘बस ना’ यांतला, किंवा ‘दे’ आणि ‘जरा दे’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. (पाहुण्याला ‘बसा की निवांत’ अशा सुरात डच यजमान ‘खा मार झिटन’ म्हणतो. हे वाक्य मी प्रथम ऐकले, तेव्हा माझ्या मराठी कानाला ते आदरातिथ्याचे मुळीच वाटले नव्हते.)

इंग्रजीत या शब्दांना प्रतिशब्द नसल्यामुळे डच विद्यार्थी ते गाळून टाकतो, आणि मागे उरते ते कोरडे ‘वेट’ किंवा ‘सेंड मी द फाइल’. या वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नसते, म्हणून ती कोणी दुरुस्त करत नाही. ऐकणारा इंग्रज मनातल्या मनात एवढेच ठरवतो की हा मनुष्य उद्धट आहे. डच लोक फटकळ असतात असे जे सर्रास म्हटले जाते, त्यातला काही भाग स्वभावाचा असेलही, पण काही भाग निश्चितपणे या गळालेल्या ‘एव्हन’चा आहे, असे माझे मत आहे.

इंग्रजी भाषा आपला मऊपणा आज्ञार्थाच्या आत न ठेवता बहुधा बाहेर ठेवते. ती आज्ञेचा प्रश्न करते: ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ म्हणजेच डच आज्ञार्थाचे योग्य इंग्रजी भाषांतर पुष्कळदा आज्ञार्थ नसतेच, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. ‘प्लीज’ जोडले की काम भागेल, अशी त्यांची समजूत असते. पण ‘प्लीज सेंड मी द फाइल’ हीही आज्ञाच राहते, फक्त इस्त्री केलेली.

एकदा हे पटले की गाडी दुसऱ्या टोकाला जाते. एका विद्यार्थिनीने पत्राच्या शेवटी ‘कुड यू हॅव्ह अ नाइस वीकएंड’ असे लिहिले होते. मग पुन्हा मागे येऊन सांगावे लागते की ज्या कृतीचा लाभ ऐकणाऱ्याला होणार आहे, तेथे इंग्रजीत उघडा आज्ञार्थच सभ्य ठरतो: ‘हॅव्ह अ सीट’, ‘हेल्प युवरसेल्फ’, ‘टेक युवर टाइम’. कष्ट कोणाचे आणि लाभ कोणाचा यावर सभ्यतेचे माप ठरते, हे जेफ्री लीच या इंग्रज भाषाभ्यासकाने १९८३ मध्ये मांडले होते, आणि वर्गात मला त्याचा इतर कोणत्याही नियमापेक्षा अधिक उपयोग झाला आहे.

आदरार्थी सर्वनामाचा सापळा त्याहून फसवा आहे. डचमध्ये ‘खात यू झिटन’ म्हणजे ‘आपण बसावे’. तेथे सर्वनाम घातल्याने आदर वाढतो. इंग्रजीत मात्र आज्ञार्थापुढे ‘यू’ आले की वाक्याला बहुधा दटावणीचा सूर लागतो. ‘यू सिट डाउन’ हे पाहुण्याला नव्हे, दंगा करणाऱ्या पोराला म्हणायचे वाक्य आहे.

नकार तुलनेने सोपा आहे. डचमध्ये क्रियापदानंतर ‘नीत’ येते, इंग्रजीत क्रियापदाआधी ‘डोन्ट’. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीची घडणही डचसारखीच होती, आणि तिचा अवशेष एका निळ्या फुलाच्या नावात टिकून आहे: डचमध्ये ‘फरखेत-मै-नीच्ये’, इंग्रजीत ‘फर्गेट-मी-नॉट’. आज कोणी ‘फर्गेट नॉट’ म्हटले तर ते काव्यात्म वाटेल; ‘बी नॉट अफ्रेड’ तर थेट बायबलमधले. एरवी ‘डू’ची मदत न घेणारे ‘बी’ हे क्रियापदही नकारार्थी आज्ञेत ‘डोन्ट बी’ होते, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

सूचनाफलकांवर डच भाषा आज्ञार्थ सोडून सरळ क्रियापदाचे कोशातले रूप वापरते: ‘नीत रोकन’, म्हणजे धूम्रपान न करणे, दारावर ‘डुवन’, म्हणजे ढकलणे. आपल्या जुन्या पत्रांतले ‘पत्र मिळताच निघून येणे’ याच जातीचे. इंग्रजीत या रूपाला जागा नाही. दारावर ‘पुश’ असा साधा आज्ञार्थ असतो, आणि तो कोणालाही उद्धट वाटत नाही.

अलीकडे मी वर्गाला एकच काम देते: ‘वाख्त एव्हन’ हे फोनवरच्या ग्राहकाला, शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला आणि रस्त्याकडे धावत सुटलेल्या मुलाला इंग्रजीत सांगा. पहिल्यासाठी ‘कुड यू होल्ड ऑन अ मोमेंट?’ येते, दुसऱ्यासाठी ‘जस्ट अ सेकंद’, ज्यात क्रियापदच उरत नाही. मुलापाशी आल्यावर मात्र सगळे थबकतात, कारण तेथे त्यांच्या तोंडून डचमध्येही ‘एव्हन’ निघत नाही, नुसते ‘वाख्त!’ निघते, आणि त्याचे इंग्रजी ‘वेट!’ हेच असते.