दुकान भलतंच, सामान नेमकं

हस्तकलेचं सामान हस्तकलेच्या दुकानात घ्यायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. तिथे पाकिटावर पानाफुलांचं चित्र असतं, आत चार चिमटे असतात आणि किंमत वाचून उत्साह जागच्या जागी मावळतो. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण दुकानदारांनी ते जरा जास्तच मनावर घेतलंय.

माझी खरेदी नागपुरातल्या धंतोलीत होते. दर चार पावलांवर दवाखाना असलेला हा भाग, त्यामुळे सर्जिकल सामानाची दुकानंही आहेत. शस्त्रक्रियेच्या चाकूची तीन नंबरची स्टीलची मूठ आणि अकरा नंबरचं टोकदार पातं मागितलं की काउंटरवरचा मुलगा एकदा पात्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. "डॉक्टर आहात का?" "नाही, भेटकार्डं करते." यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. पण कागदातून जाळी कापायची तर या पात्याला तोड नाही. फुलाच्या पाकळीचं आतलं वळण एका दमात निघतं, कागदाला फरही सुटत नाही. त्याच दुकानातला आर्टरी फोर्सेप, म्हणजे दातऱ्यांवर अडकून घट्ट बसणारा चिमटा, कापडी बाहुलीच्या करंगळीपर्यंत कापूस पोचवतो. आणि मायक्रोपोर, म्हणजे जखमेवरची कागदी चिकटपट्टी, स्टीलच्या फूटपट्टीच्या पाठीला चिकटवली की फूटपट्टी कागदावरून घसरत नाही. फूटपट्टी मात्र स्टीलचीच हवी. प्लॅस्टिकची असेल तर कटर तिलाच सोलत जातो आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी.

कटरचीही मजा आहे. टोक बोथट झालं की मोडून टाकायचं आणि पुढचं नवं टोक वापरायचं, ही कल्पना जपानमधल्या ओसाकाच्या योशिओ ओकादा यांची, १९५६ सालची. ते छापखान्यात कामाला होते. जोडे दुरुस्त करणारे कारागीर काचेचा तुकडा बोथट झाला की तो फोडून नवी धार काढायचे, ते त्यांच्या डोक्यात होतं. शिवाय चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा. आपण मात्र टोक मोडायला कंटाळतो. बोथट पात्यावर जोर देतो, तो जोर सटकतो आणि मग बोटाला पट्टी. धारदार पात्यापेक्षा बोथट पातंच जास्त कापतं, फक्त कागद सोडून.

आता कात्री. आमच्या घरात कापडाची कात्री देवघरातल्या वस्तूंच्या तोडीस तोड सोवळ्यात असे. कुणी तिच्याकडे नुसता हात नेला तरी स्वयंपाकघरातून मामीचा आवाज यायचा, "ते कातरी कागदाले नको लावू वं!" तेव्हा हा निव्वळ जाच वाटायचा. पण मामीचं खरं होतं. कागद पांढरा आणि गुळगुळीत दिसावा म्हणून त्यात चुनखडीची भुकटी किंवा चिनी माती मिसळतात. ती दर कापाला पात्याला घासत राहते. अशा कात्रीत सॅटिन धरलं की ते कापलं जात नाही, दोन पात्यांच्या मधे दुमडून चावल्यासारखं होतं. आमच्या गल्लीत येणारा धारवाला मात्र आधी धारेकडे बघतच नाही. तो पाती उघडझाप करतो, मधला खिळा सैल आहे का ते कानाने ऐकतो, हातोडीचे दोन हलके ठोके देतो आणि ओली चिंधी कापून बघतो. टोकापर्यंत चिंधी कापली गेली की झालं. बऱ्याचदा दोष धारेचा नसतोच. ठोक्यांचेही तो पैसे घेतो, आणि घ्यावेतच.

चिकटवायच्या कामाचं मात्र नागपुरात काही खरं नाही. फेव्हिकॉलमधलं पाणी उडून गेलं की तो पारदर्शक होतो आणि पक्का धरतो. एरवी याला वेळ लागतो, पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की ब्रशवरच साय धरते. बरं, कूलर लावावा तर टिकल्या थेट शेजारच्या खोलीत, आणि त्या दमट हवेने कागदाला लाटा येतात. बंद करावा तर नाकावरून घामाचा थेंब नेमका रंगावर. उन्हाळी सुट्टीत मुलांना हस्तकलेत गुंतवा असं सांगणारी माणसं बहुधा नागपूरची नसतात. यावर मी काढलेला तोडगा असा: फेव्हिकॉल बाटलीच्या झाकणात थोडाच काढायचा, वर ओलं फडकं टाकायचं आणि जुन्या एटीएम कार्डाने पातळ पसरायचा. मग वर दिवाळी अंकांचा गठ्ठा. जाडजूड अंक या कामाला फार उपयोगी.

पुठ्ठ्याच्या वह्यांना मी अजून मैद्याची खळच लावते, त्यात चिमूटभर मोरचूद. म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे त्याचं भांडं वेगळं आणि मुलांच्या हाताबाहेर.

लेस, गोटा, मणी यांसाठी इतवारीचा बाजार आहेच. तिथे यादी घेऊन जावं आणि ती पिशवीतून बाहेर काढू नये. तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तर लाकडी बैलांच्या झुलीसाठी अख्खं नागपूर तिथे उतरतं. घागरमाळेचे घुंगरू निवडताना आया पोरांपेक्षा जास्त हट्ट करतात.

सध्या माझा डोळा चौकातल्या मोचीकाकांच्या रापीवर, म्हणजे चामडं तासायच्या हत्यारावर आहे. वह्यांना चामड्याची पाठ लावायची म्हणजे कडा तासून पातळ कराव्या लागतात, नाहीतर दुमडीला गाठ येते. काका ती रापी चामड्यावर आडवी धरून असा काही सोलपटा काढतात की तो उजेडाला धरला तर पलीकडचं दिसावं. कुठे मिळते म्हणून विचारलं, तर म्हणाले, "भेटते वो बाई, कुठंबी भेटते. तुमी आधी दगडावर घासाले शिका. सकाळी गिऱ्हाईक नसते, तवा या."

सोमवारपासून जाणार आहे. दगड त्यांचा, चामड्याचे तुकडे माझे. चहा कोणी पाजायचा ते अजून ठरलेलं नाही.