शिकागो : बिल्ल्यांच्या मागावर एक दिवस

शिकागोला येणारे बहुतेक प्रवासी सरोवराचा काठ, उंच इमारती आणि आर्ट इन्स्टिट्यूट पाहून परततात. ज्यांना छातीवर टाचायच्या बिल्ल्यांचे वेड आहे, त्यांची पावले मात्र शहराच्या वायव्येकडील लोगन स्क्वेअर भागाकडे वळतात. तेथे आर्मिटेज अ‍ॅव्हेन्यूवर 'बिझी बीव्हर' ही बिल्ले तयार करणारी कंपनी आहे आणि तिच्याच वास्तूत केवळ टाचणीच्या बिल्ल्यांना वाहिलेले संग्रहालय आहे. क्रिस्टन कार्टर यांनी ही कंपनी १९९५ साली सुरू केली आणि २०१० साली आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. प्रवेशाला शुल्क नाही. एकीकडे ऑर्डरचे बिल्ले तयार होत असतात आणि त्याच छपराखाली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे बिल्ले भिंतीवर मांडलेले दिसतात, हे मला कोणत्याही मोठ्या संग्रहालयातील शांततेपेक्षा अधिक योग्य वाटले.

निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराच्या जीपमागे धावून बिल्ले गोळा करण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना बिल्ल्याची ओढ समजावून सांगावी लागत नाही. पक्षाचे चिन्ह, गणेशोत्सवातील कार्यकर्त्याची ओळख, संमेलनाचा प्रतिनिधी, सहा डिसेंबरला दादरच्या पदपथावर मिळणारे बाबासाहेबांचे चित्र, असे कितीतरी बिल्ले आपल्या सार्वजनिक जीवनात आहेत. त्यांची ही घडण नेमकी कोठे जन्मली, हे मला तेथे पाहायचे होते.

छातीवर राजकीय खूण लावण्याची अमेरिकी प्रथा तशी फार जुनी आहे. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या शपथविधीच्या निमित्ताने त्यांची आद्याक्षरे आणि अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतणारा मजकूर उमटवलेली धातूची बटणे निघाली. परंतु ती कोटाला शिवायची खरीखुरी बटणे होती. १८६० साली अब्राहम लिंकन यांना याच शिकागोत, 'विगवॅम' नावाच्या तात्पुरत्या उभारलेल्या लाकडी सभागृहात उमेदवारी मिळाली. त्या निवडणुकीत पत्र्यावर घेतलेली उमेदवारांची बारीक छायाचित्रे पितळी कड्यात बसवून, वरच्या भोकातून फीत ओवून, लोक अंगावर मिरवू लागले. या वस्तू सुंदर होत्या, पण लाखोंनी फुकट वाटाव्यात इतक्या स्वस्त नव्हत्या. त्यासाठी सेल्युलॉइडची वाट पाहावी लागली.

जॉन वेस्ली हायट यांनी हस्तिदंताला पर्याय शोधण्याच्या खटपटीत कापूर मिसळून सेल्युलॉइड सिद्ध केले आणि १८७०च्या दशकात त्याचा कारखाना न्यू जर्सीतील न्यूअर्क या गावी आला. त्याच न्यूअर्कमध्ये १८९२ साली व्हाइटहेड आणि होग या दोघांची कंपनी उभी राहिली. छापील कागदाच्या चकतीवर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा ठेवायचा, दोन्ही मिळून पत्र्याच्या घुमटदार चकतीवर ताणायचे, मागून पत्र्याचे कडे दाबून कडा आत मुडपायच्या आणि त्या कड्याच्या खोबणीत स्प्रिंगसारखी वळवलेली टाचणी अडकवायची, अशी ही रचना. खिळा नाही, डाख नाही, डिंकाचा थेंबही नाही; सगळे केवळ दाबाने एकमेकांना धरून असते. या टाचणीच्या रचनेचे पेटंट २१ जुलै १८९६ रोजी मिळाले. बिझी बीव्हरच्या कामाच्या जागेत यंत्रावर बिल्ला तयार होताना पाहिला तेव्हा लक्षात आले की वरचा पापुद्रा आता सेल्युलॉइडचा उरलेला नसला, तरी क्रम तोच आहे. चकती, कागद, पापुद्रा, दाब, कडे आणि टाचणी.

पेटंटच्या त्या तारखेचे महत्त्व शिकागोत असताना अधिक जाणवते. तिच्या बाराच दिवस आधी, ९ जुलै १८९६ रोजी, विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी या शहरात भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात सुवर्णमानाविरुद्ध, म्हणजे चलन केवळ सोन्याशी बांधण्याच्या पद्धतीविरुद्ध, आपले गाजलेले भाषण केले आणि छत्तिसाव्या वर्षी ते अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. सोन्याच्या जोडीने चांदीची नाणीही मुक्तपणे पाडावीत आणि सोळा भार चांदी म्हणजे एक भार सोने हे प्रमाण ठेवावे, ही त्यांची मागणी होती. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला बाजारात अधिक पैसा खेळावा असे वाटत होते, तर प्रतिस्पर्धी रिपब्लिकन उमेदवार विल्यम मॅकिन्ली आणि त्यांच्यामागचे उद्योगपती सोन्याला चिकटून होते. या वादाची एक कडी मुंबईपर्यंत पोहोचते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. जून १८९३मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी, म्हणजे कोणीही चांदी आणून तिची नाणी पाडून घेण्यासाठी, बंद केल्या, जगभर चांदीचा भाव कोसळला आणि अमेरिकेतील आधीच पेटलेल्या चांदीच्या प्रश्नात तेल ओतले गेले. तीन वर्षांनी तोच प्रश्न पाऊण-एक इंचाच्या बिल्ल्यांवर उतरला.

संग्रहालयातील बिल्ले काचेआडून पाहावे लागतात. म्हणून दुपारी मी शहरातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेले आणि मॅकिन्ली यांचा एक बिल्ला हातात घेऊन पाहण्याची परवानगी मागितली. मालकीणबाईंनी तो मखमलीच्या तुकड्यावर ठेवून माझ्यापुढे सरकवला आणि शेजारी भिंग ठेवले. चित्रातील रंग इतके ताजे होते की गालावरची गुलाबी छटादेखील शाबूत होती. मात्र कडेला, सेल्युलॉइडच्या आत, चहाच्या शिंतोड्यांसारखे तपकिरी ठिपके पसरले होते. दमट हवा कडेच्या फटीतून आत शिरते, कागद डागळतो, आणि पापुद्रा काढल्याशिवाय तो डाग पुसता येत नाही. पापुद्रा काढला तर बिल्लाच संपतो. "आधी मागची बाजू बघायची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो हलकेच उलटा केला. कड्याच्या आत कागदाची गोल चिठ्ठी होती, तिच्यावर न्यूअर्कच्या कंपनीचे नाव आणि पेटंटच्या तारखा बारीक अक्षरांत छापलेल्या होत्या. ही चिठ्ठी म्हणजे बिल्ल्याचा जन्मदाखला. अनुभवी संग्राहक चेहऱ्यापेक्षा तिच्यावर अधिक विश्वास ठेवतो, आणि तिच्या अक्षरांच्या ठेवणीवरून व तारखांवरून वय ठरवतो.

ब्रायन यांच्या बाजूच्या बिल्ल्यांपैकी मला सर्वांत आवडला तो घड्याळाचा. त्या तबकडीवरचे काटे एक वाजायला सोळा मिनिटे कमी असल्याचे दाखवतात. सोळास एक हे प्रमाण त्या काळी इतके तोंडी होते की घोषणा लिहायचीही गरज उरली नव्हती. अर्थशास्त्राचा एवढा किचकट प्रश्न रस्त्यावरच्या माणसाने ओळखावा, हसावे आणि छातीवर लावावा, ही कामगिरी त्या चकतीची. ब्रायन हरले, बिल्ला मात्र त्या निवडणुकीपासून कायमचा रुजला.

पुढच्या काळाविषयी थोडक्यातच सांगते. सिगारेटच्या आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांनी मालासोबत बिल्ले देऊन मुलांना आणि मोठ्यांना संग्रहाची चटक लावली. केलॉग कंपनीने १९४५ ते १९४७ या काळात 'पेप' या न्याहारीच्या पाकिटातून चित्रकथांतील पात्रांचे ८६ बिल्ले दिले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास थेट पत्र्यावर छपाई करण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे खर्च घटला, पण रंगावर ओरखडे लवकर पडू लागले. हार्वे बॉल यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्समधील एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी पिवळा हसरा चेहरा काढला, त्याचे त्यांना ४५ डॉलर मिळाले, आणि पुढच्या दशकात त्याचे कोट्यवधी बिल्ले खपले. संग्राहकांच्या जगात सर्वाधिक मान १९२० सालच्या जेम्स कॉक्स आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या जोडचित्राच्या बिल्ल्याला आहे. पराभूत उमेदवारांच्या प्रचाराकडे पैसे नव्हते, त्यामुळे असे बिल्ले फार थोडे निघाले, आणि आज एकेकासाठी हजारो डॉलर मोजले जातात. किमती वाढल्या तशा नकलाही वाढल्या. १९७३ साली अमेरिकी संसदेने कायदा करून राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती तयार झाल्याचे वर्ष छापणे बंधनकारक केले.

किमतीच्या या चर्चेत मला फार रस वाटत नाही. बिल्ला लावणाऱ्याने त्यासाठी काय पणाला लावले होते, हे मला त्याच्या भावापेक्षा मोलाचे वाटते. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतील बिल्ल्यांवर तारे असत. एकेका राज्याने स्त्रियांना पूर्ण मताधिकार दिला की नव्या बिल्ल्यावर एक तारा वाढे. आज आपण ते तारे कौतुकाने मोजतो, परंतु तो बिल्ला लावून घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला बाजारात, चर्चमध्ये आणि स्वतःच्या घरातही बोल ऐकावे लागत. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या बिल्ल्यावर एक काळा आणि एक गोरा हात एकमेकांत गुंफलेला आहे. २५ सेंटला विकलेल्या त्या बिल्ल्यांतून मोर्चाचा खर्च उभा राहायला हातभार लागला. आणि शिकागोतच एका स्त्रीने काढलेल्या बिल्ल्यासाठी थेट सरकारची माणसे तिच्या दारात आली होती.

आयडा बी. वेल्स यांचा जन्म १८६२ साली मिसिसिपीत गुलामगिरीत झाला. मेम्फिसमध्ये पत्रकारिता करताना त्यांनी झुंडीकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांची प्रकरणे तपासून छापली, म्हणून १८९२ साली त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली. पुढे त्या शिकागोत स्थायिक झाल्या. ऑगस्ट १९१७मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे पोलिसांच्या मारहाणीनंतर चोविसाव्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांनी उठाव केला. लष्करी खटला चालला आणि ११ डिसेंबर १९१७ रोजी पहाटे १३ सैनिकांना, अपिलाची संधीही न देता, फासावर चढवण्यात आले. लोकांना बातमी कळली ती नंतर. वेल्स यांना त्यांच्यासाठी स्मृतिसभा घ्यायची होती, पण युद्धाच्या धास्तीने कोणतेही चर्च जागा द्यायला तयार होईना. तेव्हा त्यांनी या सैनिकांना हुतात्मा म्हणणारे बिल्ले करवून घेतले आणि वाटायला सुरुवात केली. लवकरच गुप्तचर खात्याचे दोघे जण आले. हा राजद्रोह आहे, अटक होऊ शकते, बिल्ले आमच्या हवाली करा, असे त्यांनी बजावले. वेल्स यांनी एकही बिल्ला दिला नाही. सरकारने नीच कृत्य केले आहे हे सांगणारी मी एकटी उरले तरी चालेल, शब्द मागे घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे त्या आत्मचरित्रात नोंदवतात. आलेली माणसे रिकाम्या हाताने गेली.

हा प्रसंग आधी वाचलेला असूनही, बिल्ला कसा घडतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर तो मला नव्याने भिडला. चकती, कागद आणि टाचणी यांपलीकडे ज्या वस्तूत काही नाही, तिच्यासाठी महायुद्ध लढणाऱ्या सरकारला माणसे पाठवावी लागली. म्हणून उरलेला वेळ मी शहराच्या दक्षिणेकडील ब्रॉन्झव्हिल भागासाठी ठेवला. पस्तिसाव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून पूर्वेकडे चालत गेले की मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्हच्या मधोमध 'व्हिक्टरी मॉन्युमेंट' लागते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या इलिनॉयच्या कृष्णवर्णीय आठव्या रेजिमेंटचे हे स्मारक १९२०च्या दशकात उभे राहिले. एका पलटणीच्या वाट्याला आलेला हा मान आणि त्याच वर्षांत दुसऱ्या पलटणीच्या वाट्याला आलेले फास, दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच मी तेथून दक्षिणेकडे वळले. थोड्याच अंतरावर, ३६२४ क्रमांकाचे खडबडीत दगडी भिंतींचे आणि कोपऱ्यात बुरूज असलेले घर आहे. वेल्स आणि त्यांचे पती फर्डिनंड बार्नेट यांनी ते १९१९ साली घेतले. आज ते राष्ट्रीय महत्त्वाचे ऐतिहासिक स्थळ आहे. तेथून दहाएक मिनिटांवर लँगली अ‍ॅव्हेन्यूवर शिकागोचेच शिल्पकार रिचर्ड हंट यांनी घडवलेले वेल्स यांचे ब्राँझचे स्मारक २०२१ साली उभारण्यात आले. नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकी लष्कराने ह्यूस्टन प्रकरणातील ११० सैनिकांच्या शिक्षा रद्द ठरवल्या. वेल्स यांनी बिल्ल्यावर जे छापले होते, त्याच्या जवळ जायला सरकारला १०६ वर्षे लागली.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगते. बिल्ल्यांचे संग्रहालय चालू कार्यालयात असल्याने कामाच्या दिवशीच जावे आणि निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. ब्लू लाइनच्या लोगन स्क्वेअर स्थानकापासून तेथे वीसएक मिनिटे चालावे लागते. ब्रॉन्झव्हिलला जाण्यासाठी ब्लू लाइनने क्लार्क-लेक स्थानकापर्यंत यावे आणि तेथे ग्रीन लाइनला बदलावे. वेल्स यांच्या घरात आजही लोक राहतात, त्यामुळे ते रस्त्यावरूनच पाहावे. फलकावरील मजकूर पदपथावरून वाचता येतो.