'कोटिंग' टाइप केलं आणि तीन आठवडे वाया गेले

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भोसरी एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं शॉप आहे. लोकांचा माल येतो, पत्र्याचे पॅनेल बॉक्स, ब्रॅकेट, कधी जिमचे स्टँड, तो आम्ही साफसफाईच्या सात टाक्यांतून काढतो, रंगाची कोरडी पावडर मारतो, ओव्हनमध्ये भाजतो आणि चलानवर परत पाठवतो. पावडर आम्ही बनवत नाही, विकत आणतो. हे शेवटचं वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत इतक्यांदा बोललेय की झोपेतही बडबडत असेन.

झालं असं की आमचा सुपरवायझर गावी गेला तो परत आलाच नाही. गेटवर बोर्ड लावला, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, काही नाही. मग मीच बाबांना म्हटलं की प्रोफेशनल नेटवर्किंगच्या साइटवर कंपनीचं पेज काढू, तिथून नोकरीची जाहिरात टाकू. बाबा म्हणाले कर काय करायचं ते, फक्त पैसे नको भरूस.

पेज काढणं सोपंय, त्यावर वेळ घालवत नाही. नाव, वेबसाइट, लोगो, किती माणसं (आम्ही चौदा, म्हणजे 11 ते 50 मध्ये), झालं. अडलं ते 'इंडस्ट्री' या एका रकान्यात. तिथं स्वतःच्या मनाने लिहिता येत नाही, यादीतलंच काहीतरी निवडायचं आणि एकच निवडायचं. मी 'जॉबवर्क' टाकलं, काही नाही. 'पावडर' टाकलं, कामाचं काही नाही. मग 'कोटिंग' टाकलं आणि लगेच खाली आलं, पेंट, कोटिंग अँड अॅडहेसिव्ह मॅन्युफॅक्चरिंग. मला वाटलं मिळालं एकदाचं! कोटिंग आहे, मॅन्युफॅक्चरिंग आहे, अजून काय पाहिजे, सेव्ह करून टाकलं आणि त्याच दुपारी जाहिरात पण टाकली.

पुढचे तीन आठवडे काय काय आलं विचारू नका. एमएस्सी केमिस्ट्रीवाले अर्ज, रेझिन फॉर्म्युलेशनचा अनुभव असलेले अर्ज, एक जण तर चांगला आठ वर्षं पेंट कंपनीत काढलेला, इंटरव्ह्यूला आला, फार सज्जन माणूस, शॉपमध्ये फिरला आणि मला विचारतो, मॅडम तुमची आर अँड डी लॅब कुठंय? बाबांनी ओव्हनकडे बोट दाखवलं. त्याला चहा पाजून पाठवला, माझी मान खाली. आणि फोन वेगळेच. नागपूरहून एकाला आमच्या पावडरची डीलरशिप हवी होती, दुसऱ्याला आरएएल 7035 चा, म्हणजे फिकट राखाडी रंगाच्या पावडरचा, किलोचा रेट. अहो आम्हीच तो रेट दुसऱ्याला विचारतो!

सगळ्यात लागलं ते वेगळंच. चाकणच्या एका कंपनीच्या परचेसमधल्या माणसाशी बोलणं चाललं होतं, तो म्हणाला, मी कोटिंग व्हेंडर शोधत होतो तेव्हा तुमचं पेज दिसलं होतं पण तुम्ही तर पेंट बनवता ना, म्हणून सोडून दिलं. म्हणजे गिऱ्हाईक दारात येऊन पाटी वाचून परत गेलं, आणि पाटी मीच लिहिलेली.

त्या रात्री बसले शोधायला. भोसरी-चिंचवडच्या बाकीच्या कोटिंगवाल्यांची पेजेस बघितली, तिथं तर आनंदच. एकाने ऑटो पार्ट्स टाकलेलं कारण त्याची गिऱ्हाइकं ऑटोवाली, एकाने कन्स्ट्रक्शन कारण तो रेलिंग करतो, एकाने आयटी, ते बहुतेक पेज काढून देणाऱ्या पोराचं कर्तृत्व. आमचं काही कुणी तपासलं नव्हतं, त्यांचंही तपासलं नसणार. आपण निवडू ते लागतं.

मग हळूहळू कळलं की या यादीची मांडणी बरीचशी अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोच्या एनएआयसीएस नावाच्या वर्गीकरणाच्या धर्तीवर आहे, 1997 पासूनचं ते. त्यात तुमचं गिऱ्हाईक कोण हे बघत नाहीत, तुम्ही माल कसा करता, म्हणजे प्रोसेस काय, ते बघतात. त्यात 3255 म्हणजे रंग आणि कोटिंग बनवणारे, ते केमिकलच्या घरात. आणि दुसऱ्याच्या धातूच्या मालावर कोटिंग करून देणारे 332 मध्ये, फॅब्रिकेटेड मेटलच्या घरात, नेमका नंबर 332812. शब्द एकच, पण घरं दोन आणि मी चुकीच्या घरात जाऊन बसलेले.

साइटच्या यादीत आमचं खरं नाव निघालं 'मेटल ट्रीटमेंट्स'. आता मला सांगा, भोसरीत कोण स्वतःला मेटल ट्रीटमेंट्स म्हणतं? 'मेटल' टाइप केलं तेव्हा कुठे दिसलं.

आणि खरा राग याचा आला की उत्तर ऑफिसच्या कपाटातच होतं. उद्यमच्या, म्हणजे लघुउद्योग नोंदणीच्या, सर्टिफिकेटवर एनआयसी 2008 या आपल्याकडच्या उद्योग वर्गीकरणाचा कोड असतो, आमचा 2592 ने सुरू होतो, म्हणजे धातूवर ट्रीटमेंट, कोटिंग आणि मशीनिंग. रंग बनवणाऱ्यांचा 2022 ने सुरू होतो. सीएने तेव्हा बरोबर टाकलेलं, मी फाइल उघडलीच नाही. तर तुम्ही पेज काढायच्या आधी उद्यमचा कागद समोर घ्या, त्यातल्या शब्दांनी यादीत शोधा, रोजच्या बोलण्यातल्या शब्दांनी नको. जीएसटीवरून मात्र ठरवू नका. तिथं आमचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देणं, एसएसी या सेवांच्या कोडांपैकी 9988 मध्ये, म्हणजे सर्व्हिस. उद्यममध्ये मॅन्युफॅक्चरिंग, जीएसटीत सर्व्हिस, बाबा म्हणाले मग आपण नक्की आहोत कोण?

हां, एक राहिलं. इंडस्ट्री आणि जॉब फंक्शन या दोन गोष्टी आहेत, मी सुरुवातीला एकच समजत होते. इंडस्ट्री म्हणजे कंपनीचा धंदा, फंक्शन म्हणजे त्या माणसाचं काम. आम्हाला उद्या अकाउंटंट हवा असेल तर इंडस्ट्री मेटल ट्रीटमेंट्सच राहणार, फंक्शन अकाउंटिंग. सुपरवायझरच्या जाहिरातीत मी फंक्शनला आधी रिसर्च टाकलेलं, का ते आता मलाही आठवत नाही, प्रॉडक्शन टाकायला हवं होतं. आणि तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवरची इंडस्ट्री वेगळी असते, पेजवर बदललं म्हणून ती बदलत नाही. माझ्या प्रोफाइलवर अजून जुन्या नोकरीचं एचआरच आहे, राहू दे.

'पावडर कोटिंग' हा शब्द स्पेशॅलिटीजच्या रकान्यात टाका, तिथं आपल्या मनाने लिहिता येतं. मी फॉस्फेटिंग (पावडरच्या आधी पत्र्याला देतात ती केमिकल ट्रीटमेंट), सेव्हन टँक, पॅनेल बॉक्स, सगळं घातलं. जुनी जाहिरात बंद करून नवीन टाकली, त्यावर अर्ज कमी आले, अकराच, पण त्यातल्या चौघांना डीएफटी मीटर (कोटिंगची जाडी मोजायचं यंत्र) कसा धरायचा ते माहीत होतं. एकाला घेतलं. पहिल्याच दिवशी त्याने तिसऱ्या टाकीचं पाणी बदलायला लावलं, तेव्हाच बाबांना आवडला.

डीलरशिपचे फोन अजून अधूनमधून येतात. बाबा आमच्या पावडरवाल्याचा नंबर देऊन टाकतात. परवा त्याने बिलात बारीकशी सूट दिली, कारण विचारलं तर म्हणे, साहेब तुमच्याकडून दोन पार्ट्या आल्या.