खिडकीजवळची फरशी

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी लागायला आता आठवडाही उरलेला नाही. गावात ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढल्या आहेत, कोणाला किती आगाऊ उचल मिळाली याची चर्चा पारावर चालते, आणि ती सगळी मुलांच्या कानांवर पडत असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, ही मोजणी आमच्या पहिलीतल्या मुलालाही ठाऊक आहे. बालाघाटच्या डोंगरातल्या या दोनशिक्षकी शाळेच्या पटावर ४१ मुले आहेत आणि त्यांपैकी २३ जणांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर येतात, त्यांत ताडपत्री, बाजरीची पोती, भांडी, कोंबड्या, एखादी शेळी आणि माणसे चढतात, आणि पुढचे पाच-सहा महिने अर्धे गाव सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या किंवा थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या हद्दीत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहते. काही मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. काही मुलांना जावेच लागते, कारण उसाच्या फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी हवे असते.

या जाण्याआधीच्या दिवसांत मुलांच्या मनात काय चालते, ते बाहेर कसे यावे, याचा विचार मी या शाळेत आल्यापासून करते आहे, आणि त्यात माझ्या हातून चुकाही झाल्या आहेत. सुरुवातीला मी बाजारात मिळणारा चेहऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावला होता. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला असे चेहरे, आणि सकाळी वर्गात येताना प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी आपल्या चेहऱ्याखाली टाचायची. आठवडाभर सगळ्या चिठ्ठ्या हसऱ्या चेहऱ्याखालीच लागत गेल्या. शाळेत जे विचारले जाते त्याचे एक बरोबर उत्तर असते हे आपणच मुलांना शिकवलेले असते, तेव्हा तक्त्यावरही त्यांनी बरोबर उत्तरच दिले.

त्याहून मोठी चूक तीन वर्षांपूर्वी झाली. निघायच्या आदल्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर उभे केले आणि उद्या जाणार म्हणून कसे वाटते आहे, असे प्रेमानेच विचारले. त्याने खाली पाहिले, उगाच मान हलवली, आणि मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन तो घरी गेला तो एकदम एप्रिलमध्येच पुन्हा वर्गात दिसला. ज्या गोष्टीसाठी त्याच्याजवळ शब्द नव्हते ती मी त्याच्याकडे सगळ्या वर्गाच्या देखत मागितली होती. त्या दिवसापासून मी भावना विचारणे सोडले आहे. हातांना काम द्यायचे, आपण जवळ बसायचे, आणि जे निघेल ते निघू द्यायचे, एवढेच मी करते.

आज तसेच एक काम दिले. पाठकोरे कागद वाटले आणि सांगितले की मधोमध एक मोठे गाठोडे काढा, जे सोबत नेता येईल ते त्याच्या आत काढा आणि जे गाठोड्यात बसणार नाही ते बाहेर काढा. जे जाणार नाहीत त्यांनी जाणाऱ्या माणसाचे गाठोडे काढायचे. वर्गात एरवी कधी नसते अशी शांतता झाली. आत तवा, परात, कोयते, मोबाइलचा चार्जर, लहान भावाची झबली आली. एका मुलीने विळती ठेवली आणि तिच्यावर ती गुंडाळायचे फडकेही काळजीपूर्वक काढले. बाहेर हापसा आला, कारण तिकडे पाणी लांबून आणावे लागते. बाहेर शेळीचे करडू आले, सीताफळाचे झाड आले, एका मुलाने बाहेर नुसता रस्ता काढला.

चौथीतल्या एका मुलीच्या कागदावर गाठोड्याबाहेर एक चौकोन होता, शेजारी आणखी एक लहान चौकोन आणि त्यात तीन उभ्या रेघा. मला वाटले पेटी असेल. मी काही विचारले नाही, पण शेजारची मुलगी म्हणाली, "बाई, ती तिची फरशी आहे." वर्गात आमच्याकडे बाके नाहीत, मुले खाली बसतात, आणि खिडकीजवळच्या एका शहाबादी फरशीवर ही मुलगी पहिलीपासून बसत आली आहे. तीन रेघा म्हणजे खिडकीचे गज. मग ती स्वतःच हळू आवाजात म्हणाली की दरवर्षी परत आल्यावर तिथे दुसरेच कोणीतरी बसलेले असते आणि मग तिला मागे बसावे लागते.

मी नऊ वर्षे जाण्याकडेच पाहत होते. निरोपाचे कार्यक्रम केले, खाऊ दिला, सोबत पाटी-पुस्तके आणि शिक्षण हमी कार्ड दिले, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतील. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि जिथे जाईल तिथल्या शाळेत बसण्याचा या मुलांचा हक्क आहे, हे मी पालकांना दरवर्षी समजावून सांगते. परंतु परत येण्याचाही त्रास असतो, आपल्यावाचून वर्ग पुढे गेलेला असतो आणि आपली जागा भरलेली असते, हे मला एका चौकोनाने आज दाखवले.

तास संपताना मुलांनीच ठरवले की जाणाऱ्याची जागा कोणी घ्यायची नाही. प्रत्येकाने आपापल्या फरशीच्या कोपऱ्यात गेरूने एक खूण काढली. कोणी बैल काढला, कोणी नुसते टिंब. तिने गज काढले. त्याच गेरूने भिंतीवर सगळ्यांच्या उंचीच्या रेघा मारून घेतल्या, जाणाऱ्यांच्याही आणि राहणाऱ्यांच्याही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वर्गात आज २९ मुले आहेत. जी मागे राहिली त्यांच्याकडे पूर्वी माझे तितकेसे लक्ष नसे, कारण ती शाळेत येत होती, जेवत होती, हजेरीपटात दिसत होती. पण आईवडील गेलेल्या घरात संध्याकाळी सातनंतर काय होते ते हजेरीपटात दिसत नाही.

२०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार हा उपक्रम सुरू केला, त्याचा मला खरोखर उपयोग झाला आहे, कारण या कामासाठी वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली. आज गावातल्या दोन आज्यांना शाळेत बोलावले होते. एकीने घरचे जाते आठवून, हाताने गोल फिरवल्यासारखे करत ओव्या म्हटल्या. पुस्तकातली कविता म्हणताना मुले जशी ताठ बसतात तशी ती बसली नाहीत, हळूहळू डोलू लागली. मग मी म्हटले की पहिली ओवी आजीची झाली, दुसरी आपण जुळवू या, आणि ओवी कोणालाही घालता येते, माणसाला, बैलाला, झाडाला. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग दुसरीतल्या एका मुलीने, जिची मोठी बहीण आईबरोबर गेली आहे, तिच्यासाठी म्हटले:

दुसरी माझी ओवी गं, शेळीच्या करडाला
ताई गेली फडावर, कोण पाला देई त्याला

आजींनी ती उचलली आणि त्याच चालीत परत म्हटली, मग सगळ्या वर्गाने म्हटली. मुलीला रडू आले नाही, मलाच आवरावे लागले. तिने बहिणीविषयी एक शब्दही सरळ काढला नव्हता, सगळे करडाविषयीच होते, आणि म्हणूनच ते तिला म्हणता आले असे मला वाटते. आपल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या जात्यावर हेच केले आहे. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, हे समोरासमोर बोलायची सोय नव्हती तेव्हा ते ओवीत घातले आणि दळणाबरोबर बाहेर पडू दिले. मुलांना भावना कशा हाताळायला शिकवाव्यात यासाठी नवीन साहित्य जरूर यावे, पण आमच्या गावात एवढे जुने आणि चालते साधन असताना ते मी इतकी वर्षे वापरले नाही, याची मला खंत वाटते.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्या कुरणावर जायचे, हा त्यामागचा विचार. मनाच्या बाबतीतही मला तो लागू करावासा वाटतो. मूल जिथे आधीच आहे, करडाजवळ, मातीजवळ, आजीजवळ, तिथे आपण जाऊन बसले पाहिजे.

१३ डिसेंबर, शनिवार

तळ्याकाठची काळी माती पोळ्याला बैल करायला आणली होती, उरलेली पोत्याखाली ओली ठेवली आहे. मागे राहिलेल्यांपैकी तिसरीतला एक मुलगा गेले चार शनिवार एकच वस्तू करतो आहे. तो ट्रक करतो, मागचा हौदा अंगठ्याने खोल दाबतो आणि त्यात सीताफळाच्या काळ्या बिया एक-एक करून उभ्या रोवतो. बिया म्हणजे माणसे, हे त्याने न सांगताही कळते, कारण पुढच्या कडेला दोन बिया तो नेहमी एकमेकींना चिकटून ठेवतो. ट्रक फरशीवरून दारापर्यंत जातो. तास संपत आला की तो सगळ्या बिया नखाने अलगद काढतो, सदऱ्याला पुसतो, खिशात घालतो, आणि मग रिकामा ट्रक मुठीने दाबून सपाट करतो. बिया आत असताना त्याने एकदाही मूठ मारलेली नाही.

पहिल्या वेळी मी त्याला थांबवणार होते. इतका छान झाला आहे, वाळू दे, आपण मांडून ठेवू, असे शब्द ओठांवर आले होते. बरे झाले बोलले नाही. कागदावरचे चित्र राहते, ते कोणी पाहील ही भीती असते. माती मात्र परत माती होते, आणि काही मुलांना तेच हवे असते. उपक्रमांची छायाचित्रे काढून मोबाइलवरच्या गटात पाठवण्याची आता रीतच पडली आहे. या तासाची मी पाठवत नाही, आणि ती मागितली गेली तर मुलांनी काय केले ते चार ओळींत लिहून देते. ज्या क्षणी मी मोबाइल वर धरीन त्या क्षणी ट्रकाऐवजी बैल होऊ लागतील, हे मला नक्की माहीत आहे.

एक गोष्ट मात्र स्वतःसाठी लिहून ठेवते. मी शिक्षिका आहे, समुपदेशक नाही. खेळातून एखादे मूल संकटात आहे असे दिसले, कोणी त्याला इजा करते आहे अशी शंका आली, तर तिथे नुसते पाहत बसायचे नाही. घरच्या मोठ्यांशी बोलायचे, मुख्याध्यापकांना सांगायचे आणि गरज पडली तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ ला फोन करायचा. बाकी वेळी माझे काम माती ओली ठेवण्याचे आहे.

२८ मार्च, शनिवार

पट्टा पडला, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपला. या आठवड्यात बहुतेक टोळ्या परतल्या आणि वर्ग पुन्हा भरला. मुले उन्हाने रापली आहेत, दोघांच्या पायांवर उसाचे पाचट लागल्याच्या खुणा आहेत, एकाला कन्नडमध्ये दहापर्यंत मोजता येते.

सकाळी सर्वांत आधी उंची मोजली. नव्या रेघा जुन्यांच्या दोन-अडीच सेंटिमीटर वर गेल्या, गेलेल्यांच्याही आणि राहिलेल्यांच्याही, आणि त्या मधल्या जागेवर बोट ठेवून मुले कितीतरी वेळ उभी होती. मग गाठोड्यांचे कागद परत दिले आणि म्हटले की आता जे घेऊन आलात ते दुसऱ्या रंगाने आत काढा. ज्यांना नको त्यांनी काढू नका. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या आल्या, एक नवीन कुत्रा आला, एका कागदावर कोपीच्या फटीतून दिसणारे कारखान्याचे दिवे आले.

फरशीचे मात्र मी योजले होते तसे झाले नाही. साडेचार महिने मुलांनी त्या सगळ्या जागा राखल्या होत्या. जानेवारीत पहिलीत आलेल्या एका नवीन मुलालाही त्यांनी खिडकीजवळ बसू दिले नव्हते. चौथीतली ती मुलगी दारात आली, गजांची खूण तशीच असल्याचे तिने पाहिले, खाली वाकून बोटाने ती चाचपली, आणि मग ती मागच्या भिंतीशी जाऊन बसली, तिच्याच टोळीत गेलेल्या दोन मुलींच्या मध्ये. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. तिला हाक मारून पुढे बोलवावे असे मला फार वाटले, कारण ती जागा आम्ही तिच्यासाठी राखली होती आणि तिने ती घ्यावी अशी माझी इच्छा होती. मी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

दुपारी मातीच्या तासाला त्या तिघींनी मिळून कोप्यांची रांग केली. सहा कोप्या, मध्ये वाट, टोकाला पाण्याचा टँकर. मागे राहिलेली मुले भोवती गोळा झाली आणि प्रश्न विचारू लागली: साप येतो का, रात्री दिवा असतो का, मोळी किती जड असते, पहाटे तुम्हाला उठवतात का. ती उत्तरे देत होती, घाईने नाही, एखादी मोठी बाई पाहुण्यांना घर दाखवते तशी. ट्रक करणारा मुलगाही तिथे होता. त्याने खिशातून बिया काढल्या आणि विचारले, "आमच्या आईची कोणती?" तिने तिसऱ्या कोपीवर बोट ठेवले. त्याने दोन बिया आत ठेवल्या.

शाळा सुटल्यावर पहिलीतला नवीन मुलगा खिडकीजवळच्या फरशीपाशी उभा होता. सोमवारपासून इथे बसू का, असे त्याने मला विचारले. मी त्याला म्हटले, मला नाही, तिला विचार. ती फाटकापर्यंत गेली होती, तो तिच्यामागे पळत गेला.